चोउ बा

"आणि 'संडास कुठे आहे' हे कसं विचारायचं, भन्तेजी?"

सुबोधने विचारलं ते मोबाइलवरून नजर न उचलता.

भन्ते धम्मसार बसल्या जागी जरा सरकले. "त्स-सुओ चाइ नाली," ते म्हणाले.

"नाली?"

"नाली म्हणजे कुठे."

मला फिसकन हसू आलं. आमच्या भंडाऱ्याकडे नाली म्हणजे गटार. म्हणजे प्रश्न विचारता विचारता उत्तरही देऊन मोकळं व्हायचं. पण सुबोध हसला नाही. त्याने एकदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा बिनचूक म्हटलं, आणि बोटाने मोबाइल वर सरकवून पुढच्या वाक्याकडे वळला.

असा हा पोट्टा. खोब्रागड्यांचा धाकटा. नागपुरात मोठ्या कंपनीत इंजिनीअर. जर्मन भाषा म्हणे त्याने फावल्या वेळात शिकून टाकली. हुशार आहे, त्यात वादच नाही. पण आपली हुशारी समोरच्याच्या लक्षात आली की नाही, हे सारखं तपासायची खोड आहे त्याला. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. हा जन्मला तेव्हा याला पहिली चापट मीच मारली, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

भन्तेजींकडे त्याला मीच आणलं. सालईटोल्याच्या टेकडीवर आमचं विहार आहे. खाली तलाव, वर हे सभागृह, तिन्ही बाजूंनी मोकळं. भन्तेजी तरुणपणी चीनमधल्या कुठल्याशा डोंगरावरच्या मठात राहून आलेले. तिथे काय केलंत म्हणून विचारलं की सांगतात, "भांडी घासली." पण भाषा त्यांना येते. आणि सुबोधचं विमान परवावर आलं होतं.

"मला काही पंडित व्हायचं नाही," तो आल्या आल्या म्हणाला होता. "प्रवासापुरती वाक्यं द्या. बाकी मोबाइल आहेच."

"कुठवरचा प्रवास?"

"युन्नान प्रांत. तिथून बसने पुढे एक गाव."

त्या गावात का जायचं, हे त्याने सांगितलं नाही. मला माहीत होतं, पण मी तोंड घातलं नाही. म्हटलं, सांगेल त्याचं तो.

तर वाक्यं चालली होती. नी हाओ झालं. शिए शिए झालं. तिखट नको, बू याओ ला, तेही झालं. भन्तेजी एकदा म्हणायचे, हा दोनदा म्हणायचा, की संपलं.

"कान चांगला आहे तुझा," भन्तेजी म्हणाले.

"भाषा म्हणजे शेवटी पॅटर्न असतो भन्तेजी. तो एकदा कळला की बाकी सगळं आपोआप येतं."

भन्तेजींनी मान डोलावली. होकाराची होती की नुसतीच, कोण जाणे.

"आता शेवटचं," सुबोध म्हणाला. "निघताना 'येतो' म्हणायचं असेल तर?"

"चाइ चिएन. पुन्हा भेटू."

"ते नाही. ते पाहुण्यासारखं झालं. सकाळी कामाला निघताना दारातून म्हणतो ना आपण, तसं."

"तसं असेल तर, वो चोउ ल."

"म्हणजे?"

"मी जातो."

सुबोधचं बोट मोबाइलवर थांबलं.

"जातो नको भन्तेजी. येतो."

"तिथे येतो म्हणत नाहीत. जाणारा जातो म्हणतो."

"पण आपल्यात..."

आपल्यात नाही म्हणत. एवढंसं लेकरू चुकून 'जातो' म्हणालं तरी आई दटावते, अरे, येतो म्हण! गेला म्हणजे काय, ते सगळ्यांनाच ठाऊक. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. श्राद्ध नाही, पिंड नाही, भूत नाही, भानामती नाही. पण दारातून निघताना 'जातो' म्हणा म्हटलं, तर माझीही जीभ रेटत नाही.

"मग 'वो लाइ ल' हे चूक आहे?" सुबोधने विचारलं. आवाज जरा उतरला होता.

भन्तेजींनी त्याच्याकडे नीट बघितलं. "हे कोणी सांगितलं तुला?"

"चूक आहे का, ते सांगा."

"वो लाइ ल म्हणजे मी आलो. बाहेरून घरात शिरणारा म्हणतो. आतून कोणी हाक मारली, तर 'आलो, आलो' म्हणतो, तेव्हाही हेच. कोणी सांगितलं?"

"दादाने."

"हं."

"फोनवर सांगायचा. सकाळी निघताना मी 'वो लाइ ल' म्हणतो आणि घरमालकीण पोट धरून हसते, म्हणायचा. ती का हसते, ते त्याला कळायचं नाही. येतो म्हणायचं, म्हणून याने आपला 'येणे' धातू शोधला आणि लावला."

"तिने सुधारलं नाही?"

"तिला गंमत वाटायची. रोज सकाळी हसायला मिळतं म्हणून तिने कधी सांगितलंच नसेल..."



दादा म्हणजे कश्यप. थोरला. बँकेतली चांगली नोकरी सोडून तिकडे योग शिकवायला गेला. लोकांना योगाचं वेड आहे म्हणतात तिथे. एका सकाळी गावामागच्या डोंगरावर चढला. धुकं पडलं. तो उतरला नाही. पोलिसांनी शोधलं, गावाने शोधलं. एक बूट सापडला. त्यालाही आता वर्ष उलटून गेलं.

भन्तेजींनी विचारलं, "तो आहे का तिथे अजून?"

असं कोणी विचारतं का? मी म्हणणार होते, अहो भन्तेजी, काय हे. पण सुबोधचं तोंड पाहिलं आणि गप्प बसले.

"त्यासाठीच चाललोय," तो म्हणाला. "घरमालकिणीचा निरोप आलाय मोबाइलवर. यांगबाई तिचं नाव. बोलून पाठवलाय. मोबाइलने त्याचं मराठी केलं, पण ते चुकलंय. यंत्र चुकतं कधी कधी."

"काय केलं मराठी?"

सुबोधने वाचून दाखवलं. औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं, सपाट.

"'तुमचा भाऊ रोज संध्याकाळी दार वाजवतो. मी उघडते. तो आत येत नाही. तुम्ही या आणि त्याला घेऊन जा.'"

खाली तलावाच्या काठाला बगळे उतरत होते. एरवी केवढा कलकलाट करतात. त्या दिवशी मुकाट बसत होते.

"ऐकव," भन्तेजी म्हणाले.

सुबोधने ऐकवलं. बाईचा आवाज होता, वयस्क, भरभर बोलणारा. मला शब्द एक कळला नाही. पण बाई घाबरलेली आहे, हे कळायला भाषा लागत नाही. जन्मभर घाबरलेल्या बायांच्याच उशाशी उभी राहिलेय मी.

बाई थांबली. सुबोधने बंद करायला अंगठा नेला.

"राहू दे."

"पुढे काही नाही भन्तेजी. नुसती खरखर आहे."

"खरखर ऐकव."

खरखर... बराच वेळ खरखर. मग टक, टक. लाकडावर. मग परत खरखर. आणि मग लांबून, भिंतीपलीकडून, पुरुषाचा आवाज.

"वो लाइ ल..."

तो ल तिकडचा नव्हता. आमच्या भंडाऱ्याचा होता. आणि शेवट ओढून, हसत हसत म्हणायची ती ढब! लहानपणी ताप आला की मी सुई घेऊन जायचे त्यांच्या घरी. हा कश्यप दाराआडून ओरडायचा, "आलो ना मावशी, आलो," आणि काही केल्या यायचा नाही. तोच आवाज.

सुबोधने मोबाइल फरशीवर पालथा ठेवला. आवाज बंद झाला होता, तरी त्यावर तळहात दाबून धरला.

"यंत्र चुकलेलं नाही," भन्तेजी म्हणाले.

"भन्तेजी!" मी म्हणाले. "तुम्हीच असं बोलायला लागलात, तर आम्ही कोणाकडे बघायचं?"

"मी फक्त भाषांतराबद्दल बोललो, शेंडेबाई."

...

"आईला सांगितलंस?" त्यांनी सुबोधला विचारलं.

"ऐकवलं नाही. काय लिहून आलं, तेवढं सांगितलं."

"काय म्हणाली?"

सुबोधने आईची बोली जशीच्या तशी उचलली. "'दाराशी आला हाय ना थो? मंग घेऊन ये ना त्याले घरी. माह्यं दार उघडंच हाय.'"

ते खरं आहे. वच्छलाबाईने, म्हणजे या दोघांच्या आईने, कश्यप हरवल्यापासून दाराला कडी लावलेली नाही. कुत्री शिरतात, मांजरं शिरतात, वाऱ्याने पालापाचोळा येतो. चालतं तिला. कोणी लोटायला गेलं, तर अंगावर धावून जाते.

"आणि तू काय करणार?"

"मी काय करणार? दादाचं सामान घेईन. बाईला समजावीन, की असं काही नसतं. एकटी राहते, वय झालंय, भास होतात."

"कोणत्या वाक्याने समजावशील?"

सुबोधने मोबाइलकडे बघितलं. मोबाइल पालथाच होता.

"तिला नको समजावूस," भन्तेजी म्हणाले. "तिचं बरोबर आहे. त्याला समजाव. तो रोज जाताना 'मी आलो' असं म्हणून गेला. त्या सकाळीही तेच म्हणून गेला. आपण गेलो, हे त्याने कोणाला सांगितलंच नाही. स्वतःलासुद्धा."

वाऱ्याची झुळूक नव्हती. तरी मी पदर घट्ट लपेटून घेतला.

"तुझ्या प्रवासाला एकच वाक्य लागेल," भन्तेजी म्हणाले. "चोउ बा."

"चोउ म्हणजे जाणे," सुबोध म्हणाला. यांत्रिकपणे म्हणाला.

"हो. च आहे तो चोरातला, चमच्यातला. हिंदीवाल्यांना तो धड जमत नाही, तुला आईने फुकट दिलाय. आणि बा तर आपलाच आहे. ऐक बा, खाय बा, जाय बा म्हणतो ना आपण? तसाच. लाडीगोडीचा. चोउवर आवाज खाली सोडायचा, विहिरीत बादली सोडल्यासारखा. तळ लागला, की जरा वर घ्यायचा. चोउ बा."

"चोउ बा," सुबोध म्हणाला.

"आपटलास. आवाज नुसता खाली आपटला, की अर्थ बदलतो. तू म्हणालास, झोडप."

"चोउ बा."

"झोडप."

"चोउ बा!"

"झोडप."

ज्याला सगळं दोनदात यायचं, त्याला हे येईना. आता कुठे गेला रे तुझा पॅटर्न, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. हिवाळ्याचे दिवस, सूर्य तलावापलीकडे टेकलेला, आणि याला घाम.

"असं नाही येणार," भन्तेजी म्हणाले. "दार वाजेल, तेव्हा म्हण."

"कोणतं दार? इथे दार कुठे आहे?"

"तिथे तरी त्याच्यासाठी कुठे आहे? असतं, तर आत आला नसता का?"

मग ते ताठ बसले. मांडी घालून बसलेले, दोन्ही हात मांडीत, उजवा डाव्यावर. आम्हीही बसलो.

बसलो... ऊन फरशीवरून मागे सरत सरत पायऱ्यांवरून उतरलं.

टक. टक.

मी दचकून इकडेतिकडे बघितलं. आमच्या सभागृहात लाकूड म्हणून नाही हो. खांब लोखंडी, खाली शहाबादी, वर टिनं. भन्तेजींचे हात मांडीतच होते, मला दिसत होते.

"तुम्ही वाजवलंत?" सुबोधने विचारलं.

"म्हण," भन्तेजी म्हणाले.

"चोउ बा."

आपटलाच. त्याला स्वतःलाही कळलं. "झोडप," तो स्वतःच म्हणाला, आणि एकदम हुंदका फुटून म्हणाला, "मीच म्हटलं होतं त्याला!"

"काय?"

"जा म्हणून..."

"कधी?" भन्तेजींनी विचारलं. घाई नाही, काही नाही.

"बँक सोडून निघाला तेव्हा. घरचं कोण बघणार, आईचं दुखणंखुपणं कोण बघणार, म्हणून भांडलो मी. तो बॅग घेऊन दारात उभा. 'येतो बरं का सुबोध,' म्हणाला. मी म्हटलं, 'येतो कशाला, जातो म्हण. जा एकदाचा.' आईसमोर म्हटलं."

"मग?"

"तो हसला. 'येतो रे बाबा,' असंच म्हणाला पुन्हा. आणि गेला."

मला हे ठाऊक नव्हतं. वच्छलाबाईने कधी तोंडातून काढलं नाही. एवढी वर्षं शेजारी राहून कधी काढलं नाही.

"आता परत तेच सांगू त्याला?" सुबोध रडत रडत म्हणाला. "एवढ्या लांबून दाराशी येतोय तो, आणि मी जाऊन परत तेच सांगू? दुसरा शब्द द्या भन्तेजी. एवढी मोठी भाषा आहे, त्यात दुसरा शब्द नाही?"

"नाही."

"मग 'चल' ला काय म्हणतात? चल घरी. त्याला काय म्हणतात?"

"चोउ बा."

सुबोधने डोळे पुसले. "ते 'जा' ला झालं."

"'जा' लाही तेच."

"हे काय बाप्पा," मी म्हणाले. "चल म्हटलं काय आणि जा म्हटलं काय, एकच?"

"एकच, शेंडेबाई."

"मग ऐकणाऱ्याला कळायचं कसं?"

भन्तेजी सुबोधकडेच बघत होते. "तू उठलास, तर चल," ते म्हणाले. "बसून राहिलास, तर जा."

...

टक. टक.

या वेळी जवळून. पायरीपाशी कुणी बोटाच्या पेराने वाजवावं, इतक्या जवळून.

"चोउ बा," सुबोध म्हणाला.

काय सुरेख म्हणाला! आवाज खाली गेला, तळाला टेकला, हळूच वर आला. बा तर अगदी आपल्या घरातला लागला. मी भन्तेजींकडे बघितलं. आता शाबासकी देतील, असं मला वाटलं.

"उठलास," भन्तेजी म्हणाले.

खरंच. त्याचा एक गुडघा वर आला होता आणि हात फरशीवर टेकला होता. उठायच्याच बेतात होता. नजर पायरीवर.

"आई दार उघडं ठेवून बसलीय!" तो ओरडला. "तिला जाऊन काय सांगू? दाराशी उभा होता आणि मी त्याला घालवून आलो?"



खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं, आणावं की त्याला. जसा असेल तसा आणावा. वच्छलाबाईच्या ओट्यावर बसेल संध्याकाळचा, आत नाही आला तरी चालेल. कोणाचं काय बिघडतं?

मग मला दवाखाना आठवला. लेकराचा हात धरून बसलेल्या आया मी पाहिल्यात. हात गार पडतो, ताठरतो, तरी सोडत नाहीत. ओरडून सांगून उपयोग नसतो. जवळ बसून एकेक बोट सोडवावं लागतं. मी किती जणींची सोडवली असतील. दर वेळी त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जसं काही मीच मारलं. आणि दर वेळी घरी येऊन मी जेवू शकायचे नाही.

मी सरकले आणि सुबोधच्या त्या वर आलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस बेटा," मी म्हणाले.

"मावशी, तुम्ही तरी..."

"बस."

गुडघा हळूहळू खाली गेला. तो मांडी घालून बसला, हात मांडीत. भन्तेजींसारखा उजवा डाव्यावर.

उजेड आता पाण्यावर तेवढा उरला होता. गावात कोणाच्या तरी घरी रेडिओ लागला आणि लगेच बंद झाला.

टक.

एकदाच. जसं काही दुसरी टकटक करावी की नाही, असं झालं असावं.

सुबोधने डोळे मिटले. माझा हात त्याच्या गुडघ्यावर होता, त्यामुळे मला त्याचं सगळं अंग कळत होतं. कुठलाही स्नायू उठायला बघत नव्हता. तो नुसता श्वास घेत होता.

"चोउ बा," तो म्हणाला.

हळू म्हणाला. मागचं ते सुरेख होतं, हे सुरेखबिरेख काही नव्हतं. धाकट्याने थोरल्याला सांगावं, तसं साधं होतं. जा बा. उशीर होतोय. मी आहे इथे, आईकडे बघतो, तू जा.

त्याच्या बंद डोळ्यांतून पाणी गालावर आणि तिथून शर्टावर पडत होतं. त्याने पुसलं नाही. मीही रडत होते, कशाला लपवू.

मग बराच वेळ काही वाजलं नाही.

काठावरचे बगळे एकदम कलकलाट करायला लागले, रोजच्यासारखा. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू. मी उठून थर्मासमधला काळा चहा ओतला. भन्तेजींनी घेतला. सुबोधनेही घेतला. दोन्ही हातांत धरून, लहान पोरासारखा प्यायला.

"जमलं," तो म्हणाला. "जमलं ना, भन्तेजी?"

"इथे जमलं."

"तिथेही जमेल." जुना सुबोध जरासा परत आला होता. मला हायसंच वाटलं त्याचं.

भन्तेजींनी कप खाली ठेवला.

सुबोधने मोबाइल उचलून खिशात घातला. पंचांग प्रणाम केला. मी थर्मास, कप पिशवीत भरेपर्यंत तो पायऱ्यांपाशी जाऊन चपला घालू लागला. वरच्या पायरीवर उभं राहून त्याने मागे वळून हात जोडले. चेहरा हलका झाला होता. कितीतरी महिन्यांनी मी त्याचा असा चेहरा बघत होते.

"येतो, भन्तेजी," तो म्हणाला.

भन्तेजी त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या बाजूला, पायरीच्या मोकळ्या भागाकडे बघत होते.

"'येतो' एकानेच म्हणा," ते म्हणाले.